शीर्षकगीत सुरू झालं की

रात्री आठच्या सुमाराला भंडारा जिल्ह्यातल्या कारध्यात आमच्या गल्लीतून चाललं, की एकच शीर्षकगीत तीन-चार वेळा कानावर येतं. एका घरी डिश, दुसऱ्या घरी केबल, तिसऱ्या घरी कुणी मोबाइलवर बघतंय. तोच कार्यक्रम प्रत्येक डब्यातून बाहेर पडायला वेगळा वेळ घेतो आणि मोबाइलचं ॲप सगळ्यांत मागे राहतं. एका दारातून मुखडा संपत येतो, तेव्हा पुढच्या दारात तो नुकता सुरू होत असतो. रस्त्यावरून एकाही घरातलं चित्र दिसत नाही, पण कोणती मालिका लागली ते सगळ्या गल्लीला कळलेलं असतं. शीर्षकाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथून करायला हवी. ते बनवणारे मोठ्या पडद्यासमोर बसून एकेक शॉट निवडतात. पोचतं मात्र ते आधी कानाला, आणि बहुतेकदा टीव्हीकडे पाठ करून भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या कानाला.

*

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं. पुढे त्याचंच झी मराठी झालं. त्या पहिल्या वर्षातल्या ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत मंगेश कुलकर्णींनी लिहिलं, अशोक पत्कींनी स्वरबद्ध केलं आणि देवकी पंडितांनी गायलं. २००३ साली आलेल्या ‘वादळवाट’ला पुन्हा हेच त्रिकूट होतं. मालिकांच्या कथा आज किती जणांना नीट सांगता येतील, शंका आहे. दोन्ही चाली मात्र आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, लगेच गुणगुणून दाखवतील.

ही नुसती आठवणींची माया नाही, त्यामागे कसब आहे. पत्कींनी आयुष्यात जाहिरातींच्या हजारो जिंगल्स केल्या. जिंगलला वेळ असतो वीस किंवा तीस सेकंदांचा. तेवढ्यात चाल सुरू करायची, ऐकणाऱ्याच्या मनात बसवायची, मालाचं नाव नेमक्या जागी आणायचं आणि संपवायचं. चित्रपटाच्या गाण्याला दोन अंतरे मिळतात, मधले म्युझिक पीस मिळतात. शीर्षकगीताला जेमतेम एक मिनिट. त्यात सुरुवातीच्या वाद्यमेळाला पाच-सहा सेकंद गेले, की उरलेल्या वेळात मुखडा, चढ आणि उतार बसवायचा असतो. मालिकेचं नाव पडद्यावर उमटतं त्या क्षणी चालही मुक्कामाला पोचलेली हवी. जिंगलवर हात बसलेल्या माणसाला हे हिशेब करावे लागत नाहीत.

देवकी पंडितांचा आवाज निवडणं हाही अर्धा तांत्रिक निर्णय मानायला हवा. किशोरी आमोणकर आणि जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे तालीम झालेला तो गळा भरदार आहे. त्या काळच्या टीव्हीचा स्पीकर केवढासा असायचा! खालचे सूर तो जवळजवळ गिळायचा, वरचे चिरके करायचा. ऐकू यायचा तो मधला पट्टा. माणसाचा आवाज, बासरी, सतार हे सगळं त्या पट्ट्यात येतं. त्यामुळे आतल्या खोलीतही शब्द न् शब्द कळायचा. आज बेसवर ठोकून बांधलेली शीर्षकगीतं स्टुडिओत दणदणीत वाटतात आणि सपाट टीव्हीच्या पाठीमागे लावलेल्या कागदासारख्या स्पीकरमधून नुसती कुरकुर ऐकू येते. टीव्ही पातळ झाला तसा त्याचा आवाजही पातळ झाला, हे संगीतकारांनी लक्षात घ्यायला हवं.

*

‘गोट्या’ची चालही पत्कींचीच. ना. धों. ताम्हनकरांची कथा, राजदत्तांचं दिग्दर्शन, शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचं. मालिका दूरदर्शनवरची. मालिकेशी काहीही संबंध नसलेली मुलंसुद्धा ते गाणं शाळेत शिकली. शीर्षक मालिकेपासून सुटून स्वतंत्र जगू लागलं की ते जमलं असं मी मानतो.

*

कटाचा हिशेब.

आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनी चालतं. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोक्यांची असेल, तर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात. ७५ ची लय असेल तर २०. १२५ ची असेल तर १२. या लयींवर काम करताना संकलकाचा हात सुखात असतो, कट ठोक्यावर चपखल बसतो. पण संगणकावर गाणं बांधणारे पुष्कळ जण सवयीने १२० ची लय धरतात. तिथे एका ठोक्याला साडेबारा फ्रेम येतात. अर्धी फ्रेम कापता येत नाही. मग एक कट बरोबर ठोक्यावर आणि पुढचा अर्धी फ्रेम मागे-पुढे, असं होत राहतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र किंचित लंगडतंय असं वाटत राहतं.

जुने संकलक यावर एक युक्ती सांगतात: ठोक्यावर कापूच नका, एक-दोन फ्रेम आधी कापा. नवं चित्र डोळ्यात उतरायला क्षणभर लागतो, आवाज लगेच पोचतो. चित्र थोडं आधी आलं की दोन्ही एकाच वेळी पोचल्यासारखे वाटतात. मी लग्नाच्या फिल्म एडिट करतो. टाइमलाइनवर रोज हे करून बघतो आणि रोज पटतं.

सगळे कट ठोक्यावर ठेवणं मात्र चूकच. केरव्याच्या आठ मात्रांत दोन ठिकाणी कापलं आणि उरलेल्या ठिकाणी शॉट चालू दिला, तर लय जास्त कळते. प्रत्येक मात्रेवर कट पडला की गाणं ऐकूच येईनासं होतं.

*

आता अगदी जवळून बघायची एक गोष्ट: नावावरची रेघ.

जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र ६२५ आडव्या ओळींचं. त्यातल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र. या ओळी एकदम उमटत नसत. आधी एक सोडून एक अशा अर्ध्या, मग राहिलेल्या अर्ध्या. सेकंदाला पन्नास वेळा हा फेरा चाले. चित्रात एखादी आडवी रेघ ओळीइतकीच बारीक असली, तर ती एका फेऱ्यात दिसे, दुसऱ्यात गायब. म्हणजे ती लुकलुके.

इंग्रजी नावात अशी आडवी रेघ तुकड्यातुकड्यांनी येते. आपल्या नावावर शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत असते. बारीक, देखणा टाइप निवडला, की ‘दिग्दर्शक’ या शब्दाच्या माथ्यावरची सगळी रेघ थरथरायची. उपाय दोन होते. रेघ दोन-तीन ओळींइतकी जाड करायची, किंवा अक्षर वर-खाली अगदी किंचित धूसर करायचं. त्या काळातली मराठी नामावली जाडजूड, ठसठशीत दिसते, त्यामागे आवडीइतकंच हेही कारण आहे.

काचेच्या टीव्हीची दुसरी खोड म्हणजे कडा खाण्याची. चित्राच्या चारही बाजू चौकटीआड जायच्या. म्हणून नावं मधल्या साधारण ऐंशी टक्के भागात ठेवायचा शिरस्ता पडला. त्यात आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. ज्या पडद्यावर इंग्रजीत पाच नावं मावत, तिथे मराठीत तीन. मराठी नामावलीने सावकाश चालावं, हे तिच्या अक्षरांनीच ठरवलेलं होतं.

आता पडदे बदलले. रेघ लुकलुकत नाही, कडा कापल्या जात नाहीत. बारीक अक्षर खुशाल वापरता येतं आणि काही नव्या शीर्षकांत ते सुरेख वापरलेलं दिसतं. पण याच मोकळिकीत नावं इतकी लहान आणि इतकी भरभर जायला लागली, की संकलकाचं, ध्वनिमुद्रकाचं नाव घरच्यांनाही वाचता येऊ नये. शेवटची नामावली तर अनेकदा चेपून कोपऱ्यात ढकलतात आणि उरलेल्या पडद्यावर उद्याच्या भागाची झलक दाखवतात. हे मला मनापासून खटकतं. वर्षाला तीनशे भाग कापणाऱ्या माणसाचं नाव दोन सेकंद स्थिर राहिलं, तर वाहिनीचं काहीही बिघडणार नाही.

*

दूरदर्शनची खूण ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. दोन वळणं गरगरत येतात, एकमेकांत मिसळतात, मधलं वर्तुळ स्थिरावतं आणि डोळा तयार होतो. चिन्ह देवाशीष भट्टाचार्यांचं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घडलेलं. सुरावट पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. चित्राची गती आणि सुरांची गती इतकी एकजीव, की आवाज बंद करून बघितलं तरी त्या सुरावटीतली सनई ऐकू येते. काही सेकंदांत एवढं साधणारं दुसरं काम मला आपल्या टीव्हीवर सापडलेलं नाही.

*

‘मालगुडी डेज’, १९८६. दिग्दर्शक शंकर नाग, संगीत एल. वैद्यनाथन यांचं, चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, कथा त्यांचे थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या. शीर्षकात लक्ष्मण यांची रेखाटनं. चित्र हलत नाही, हलतो तो गुणगुणता सूर. मालिकेचं चित्रीकरण झालं कर्नाटकातल्या आगुंबे गावात. त्या सुराला शब्द नाहीत, म्हणून त्याला भाषाही नाही. कानडी मुलखात चित्रित झालेली, इंग्रजी कथांवरची हिंदी मालिका भंडारा जिल्ह्यातल्या घरांनी आपली मानली, यात त्या गुणगुणण्याचा वाटा फार मोठा.

*

२ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालेलं बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’. शीर्षक महेंद्र कपूर यांच्या आवाजात, ‘समय’ म्हणून हरीश भिमाणी. आज कुणाला परवडणार नाही इतकं लांब शीर्षक. पण ज्या गावात चार-दोन घरांतच टीव्ही होते, तिथे रविवारी सकाळी तेवढा वेळ लागायचाच. गाय सोडायची, हात धुवायचे, शेजारच्या घरी जाऊन जागा धरायची. शीर्षकाची लांबी बघणाऱ्याच्या चालण्याच्या अंतरावर ठरली होती, असं मला वाटतं.

त्याच वर्षी श्याम बेनेगलांचं ‘भारत एक खोज’. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, वनराज भाटियांचा समूहस्वर, हिंदी रूपांतर वसंत देव यांचं. भाटिया लंडनला आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेले. अनेक आवाजांचा तो थर एकावर एक चढतो, तेव्हा टीव्हीचा लहानसा डबा खोल वाटू लागतो. असं प्रश्न विचारणारं दुसरं शीर्षक मला आपल्याकडे आठवत नाही.

*

कलाकार पाठमोरे उभे. एकेक जण मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो, हसतो. केस उडवायला पंखा लावलेला. शॉट सेकंदाला पन्नास फ्रेमनी घेऊन पंचविसाने चालवलेला, म्हणजे सगळं निम्म्या वेगाने. शेवटी सगळं कुटुंब सोफ्याभोवती.

हे शीर्षक मराठीत पन्नास मालिकांना लावता येईल. कारणं समजतात. प्रोमो आणि शीर्षक एकाच दिवसात उरकायचं असतं, तेव्हा पहिले काही भागही लिहून झालेले नसतात, आणि वाहिनीला चेहरे विकायचे असतात. तरी सांगतो, यात कॅमेऱ्याने काहीच बघितलेलं नाही. चेहरा कळायला त्याचं काम दिसावं लागतं. शिक्षिका असेल तर खडूची बोटं दाखवा, खानावळ चालवणारी असेल तर पहाटेचा ओटा. माणूस आपोआप कळतो आणि शीर्षक दुसऱ्या कुठल्या मालिकेला लावता येत नाही.

*

दिवाळीनंतर आमच्या भागात मंडई भरते. गावोगाव दंडारी, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडसा देसाईगंजहून मंडळ्या निघतात त्या होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पालथं घालतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. पडदा उघडायच्या आधी ऑर्गन, तबला आणि नांदी.

एका ऑर्गनवाल्या मास्तरांना विचारलं, “मास्तर, नांदी एवढा वेळ कायले जी?”

ते म्हणाले, “मानसं बसाचीच रायतेत जी. कोनी शेंगा घेते, कोनी पोराले निजवते. ऑर्गन वाजला का त्याइले समजते, आता जागेवर चला. आनि आमाले बी समजते, मंडपात आवाज कुठपर्यंत जाते तं.”

शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. नांदीत वादक मंडप अजमावतो. मागच्या रांगेपर्यंत तबला पोचतो की नाही, माइक कुठे शिटी मारतो, आज वारा कुठला आहे. नाटक सुरू होण्याआधी कान जुळतात, ऐकणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचेही. मालिकेच्या शीर्षकाचंही हेच काम. घरातला आवाज कमी-जास्त करायला रिमोट उचलला जातो तो शीर्षक सुरू असतानाच. म्हणून गाण्याची पातळी आणि पुढच्या पहिल्या संवादाची पातळी जुळलेली हवी. गाणं कान फोडतं आणि संवाद पुटपुटल्यासारखा येतो, असं झालं की घरातलं माणूस वैतागतं. पुढच्या भागाला ते गाण्यातच आवाज बंद करून ठेवतं.

*

१९५५ साली सॉल बास यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाची नामावली कागदी पट्ट्यांनी सजवली. तोवर अमेरिकेतली चित्रपटगृहं नामावली बंद पडद्यावरच चालवून टाकत आणि ती संपल्यावर पडदा उघडत. या चित्रपटाच्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टरवाल्यांसाठी सूचना होती: नामावलीआधी पडदा उघडा. आमच्या झाडीपट्टीत नांदी बंद पडद्याआडून ऐकतात आणि तरी सगळा मंडप त्यात सामील असतो. तिकडे शीर्षक पाहण्याजोगं करावं लागलं, इकडे ते ऐकण्याजोगं होतंच. आपली बाजू त्यामुळे जरा बळकट आहे, ती आपण वापरत नाही.

*

बाहेरची तीन शीर्षकं, त्यांत जागा कशी येते तेवढं बघायला.

‘द सोप्रानोज’, १९९९. एक माणूस गाडी चालवत न्यूयॉर्कच्या बोगद्यातून निघतो, टोलनाक्यावर पावती घेतो, कारखाने, टाक्या, जुनी दुकानं मागे टाकत न्यू जर्सीतल्या आपल्या बंगल्यापर्यंत पोचतो. हलता कॅमेरा, गाडीच्या काचेतून घेतलेले तुटक शॉट. दीड-एक मिनिटात त्या माणसाने गरिबीपासून पैशापर्यंत केलेला प्रवास रस्त्यानेच सांगून टाकला. गाडीच्या बाजूच्या आरशात दिसणारे जुळे मनोरे २००१ नंतर काढले गेले. शीर्षकही काळ नोंदवतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’, २०११. नकाशावर दातेरी चाकं फिरतात आणि शहरं जमिनीतून उभी राहतात. ज्या भागात कथा जिथे जाणार, ती ठिकाणं त्या भागाच्या शीर्षकात. प्रेक्षकाला भूगोल पाठ झाला तो रामिन जावादींच्या चेलोवर.

‘ट्रू डिटेक्टिव्ह’, २०१४. माणसाच्या काळ्या आकृतीच्या आत लुईझियानातले रसायनांचे कारखाने आणि दलदल. एका चित्रावर दुसरं चित्र चढवायची ही रीत जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी. पण इथे ती अर्थासाठी आहे: या मुलखाने ही माणसं आतून पोखरली आहेत.

तिन्हींत नटांच्या हसण्याआधी गाव येतं.

*

मराठीत गाव आलेलं नाही असं नाही. २०१६ च्या ‘रात्रीस खेळ चाले’मुळे कुडाळ तालुक्यातलं आकेरीचं घर लोक बघायला जाऊ लागले. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरची तालीम आणि लाल माती घराघरांत नेली. कोकण, कोल्हापूर, सातारा, पुण्याचा वाडा. पूर्व विदर्भातलं धानाचं शिवार, मालगुजारी तलाव, वैनगंगा मला एकाही मोठ्या मालिकेच्या शीर्षकात पाहिल्याचं आठवत नाही. चित्रीकरणाचा तळ मुंबई-ठाण्यात, तिथून इतकं लांब युनिट आणणं महाग पडतं, हे खरं. पण शीर्षकाला अख्खं युनिट लागत नाही. एक कॅमेरा आणि एक ध्वनिमुद्रक पुरतो.

*

मे २०१९. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली. शीर्षकगीत आदर्श आणि उत्कर्ष शिंदे यांचं. काही महिन्यांत ते टीव्हीतून बाहेर पडलं आणि जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये गेलं. १४ एप्रिलला ते भंडाऱ्यात ऐकू येतं तेव्हा त्याला इथला एक पदर असतो. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि पराभूत झाले होते. ज्या मुलखाने त्यांना तेव्हा निवडून दिलं नाही, तो आज ते गाणं सगळ्यांत मोठ्या आवाजात लावतो.

तंत्राच्या बाजूने बघा. मुखडा पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि समूहाला उचलता येईल अशा पट्टीत आहे. शिंदे घराण्याची गाणी उघड्या मैदानात, भोंग्यावर वाढलेली. जे गाणं मैदानात टिकतं ते टीव्हीच्या स्पीकरात टिकतंच. याच्या उलट होईलच असं नाही.

*

लग्नाचं टायटल. पोरं येतात आणि सांगतात, “दादा, सिरियलसारखं टायटल टाका जी.” तयार टेम्प्लेट असतात. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलली, फोटो बसवले की काम झालं. वर ड्रोनचा शॉट, नदी आणि पूल.

ड्रोनने आम्हाला आमचं गाव वरून दाखवलं, हे मोठंच. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: ड्रोनच्या चित्राला आवाज नसतो. पंख्यांची घरघर एवढी, की तिथे आवाज घेण्यात अर्थच नसतो. म्हणून त्यावर गाणं चिकटवावं लागतं. ड्रोन आल्यापासून आपल्या सगळ्या फिल्मांतली गावं मुकी झाली आहेत. नदी दिसते, नदीचा आवाज नाही. तीच गत शीर्षकांची. मी आता ड्रोनचा शॉट घेतला की खाली काठावर उतरून त्याच जागेचा आवाज वेगळा घेतो आणि गाण्याखाली अगदी हलका ठेवतो. गिऱ्हाइकाला फरक सांगता येत नाही, पण ते ती क्लिप पुन्हा लावायला सांगतात.

*

२०१७ साली नेटफ्लिक्सने शीर्षक ओलांडायचं बटण आणलं. २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं, की हे बटण दिवसाला सुमारे १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. आपल्या वाहिन्यांनी बटणाची वाटही बघितली नाही. तासाला बारा मिनिटं जाहिरातींची, वर कालच्या भागाची उजळणी, उद्याची झलक. कापायला सोपं काय, तर शीर्षक. मिनिटाचं वीस सेकंदांवर आलं, काही ठिकाणी नुसतं नाव आणि एक दणका.

सलग आठ भाग बघणारा माणूस बटण दाबतो ते समजू शकतो. रोज एक भाग बघणाऱ्या घराचं तसं नाही. तिथे माणसं अजून जमायची असतात.

आणि चांगल्या शीर्षकाला लोक थांबतात. ‘स्कॅम १९९२’चं अचिंत ठक्करचं संगीत पोरांनी ओलांडलं नाही, उतरवून घेतलं.

*

कारध्याचं शीर्षक मला करायला मिळालं तर. शॉट लिहून ठेवतो.

पडदा काळा. महामार्गाच्या पुलावरून ट्रक जातोय. पुलाच्या सांध्यांवर चाकं आदळतात: धड्-धड्, थोडी उसंत, धड्-धड्. मागच्या चाकांचा जोड असल्याने ठोका दुहेरी पडतो. हीच लय धरायची. तबला नंतर याच ठोक्यावर येईल.

चित्र उघडतं ते जुन्या पुलापाशी. वैनगंगेच्या पाण्याची पातळी इथे मोजतात. २४५.५० मीटर ही धोक्याची खूण. पावसाळ्यात जिल्हाभर कारध्याचा आकडा विचारला जातो. २०२० च्या ऑगस्टअखेर नदीने ही खूण मागे टाकली, तेव्हा भंडारा शहरात पाणी शिरलं होतं. कॅमेरा एका जागी रोवायचा, लांब लेन्स, आणि मे ते सप्टेंबर त्याच जागेवरून रोज थोडं थोडं चित्रण. गोसीखुर्दच्या फुगवट्यामुळे पाणी पूर्वीसारखं उतरत नाही, तेही दिसेल. नदीचं हल्लीचं रूप तेच आहे.

मग धानाची रोवणी. बायका पऱ्हे लावत मागे मागे सरकतात. कॅमेरा बांधावर, गुडघ्याच्या उंचीवर, स्थिर. सुरुवातीला त्या अगदी समोर, बोटं चिखलात जाताना दिसतात. हळूहळू दूर जातात आणि त्यांच्या आणि आपल्या मध्ये हिरवं वाढत जातं. एकही कट नाही. त्या पुढे येत नाहीत, शेत पुढे येतं. माइक पाण्यापासून वीतभर अंतरावर: रोप रुततानाचा तो ओला, बारीक आवाज. त्यावर बायकांचं एखादं गाणं आलं तर तेच शीर्षकगीत, दुसरं लिहून घ्यायची गरज नाही. मात्र त्यांची नावं नामावलीत पहिल्या पडद्यावर आणि मानधन गायिकेइतकंच.

मग पितळ. भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांची. काम कमी झालंय, पण ठोके अजून ऐकू येतात. एका ठोक्यावर एक नाव. ठोका कारागिराच्या हाताच्या वेगाने पडेल, संकलकाने तो ओढायचा नाही.

मालिकेचं नाव जाड शिरोरेघेचं, पुलाच्या आडव्या रेघेला समांतर. नाव येईल तेव्हा संगीत बंद, फक्त पुन्हा ट्रक.

एकूण पंचेचाळीस सेकंद. चेहरा एकाही नटाचा नाही.

*

वाहिन्यांत आणि निर्मितीसंस्थांत जे शीर्षकाचं काम बघतात, त्यांना एवढंच सांगणं आहे. मालिकेला निदान चाळीस सेकंदांचं शीर्षक द्या आणि त्यातले पहिले आठ-दहा सेकंद गाण्याविना त्या जागेच्या आवाजाला द्या. गावात याल तेव्हा कॅमेरा काढायच्या आधी माइक लावा. माइकला वारा अडवणारं फर घाला, कारण नदीकाठी वारा सगळं खातो. प्रत्येक ठिकाणचा निदान अर्धा मिनिट नुसता आवाज, कुणी न बोलता, घेऊन ठेवा. आणि आमच्याकडच्या पोरांनी कुणी येण्याची वाट बघू नये. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे. रोवणी, मंडई, पुलावरचे ट्रक, पितळेचे ठोके आजच मुद्रित करा आणि तारीख-वार, ठिकाण लिहून जपून ठेवा.